येलो लॅब: घरच्या टँकमध्ये शांत आफ्रिकन सिक्लिड पाळताना

सिक्लिड हे माशांचे कुळ आपल्याला वाटते तितके परके नाही. गोवा-कोकणच्या खाड्यांत मिळणारा कालुंदर याच कुळातला आहे आणि उजनीच्या जलाशयातून बाजारात येणारी चिलापी तर मूळची आफ्रिकेचीच आहे. तरीही शोभिवंत माशांच्या दुकानात कोणी ‘आफ्रिकन सिक्लिड’ म्हटले, की दुकानदार बहुधा पूर्व आफ्रिकेतील मलावी तलावाचे मासे दाखवतो. खडकांच्या कपारींत राहणाऱ्या, भडक रंगाच्या या माशांच्या गटाला म्बुना म्हणतात. त्यांतील बहुतेक मासे जागेवरून इतके भांडतात, की नवख्या पाळणाऱ्याचा उत्साह पहिल्या काही महिन्यांतच मावळतो. येलो लॅब हा मासा त्याच गटातला असूनही त्या मानाने बराच समंजस आहे. म्हणून आफ्रिकन सिक्लिड पाळण्याची सुरुवात त्याच्यापासूनच करावी, असे माझे मत आहे.

त्याचे शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सिरुलियस असे आहे. जेफ्री फ्रायर यांनी 1956 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. मलावी तलावात या जातीचे फिकट, पांढुरके मासेही आढळतात. दुकानांत सर्वत्र दिसणारा लिंबासारखा पिवळा प्रकार मात्र तलावाच्या वायव्य किनाऱ्यावरील लायन्स कोव्ह परिसरातल्या माशांपासून आलेला आहे. पूर्ण वाढलेला मासा टँकमध्ये साधारण 10 ते 12 सें.मी. होतो आणि नीट सांभाळला तर सहा ते आठ वर्षे सहज जगतो. अनेक म्बुना मासे खडकावरचा शेवाळाचा तुकडा आपला मानून त्याची राखण करतात, तर येलो लॅब कपारींतून हिंडत बारीक कीटक, अळ्या आणि गोगलगायी टिपून खातो. राखायला शेत नसल्यामुळे त्याची भांडणेही कमी असतात. मात्र ‘शांत’ हे विशेषण त्याच्या भाऊबंदांच्या तुलनेत लावलेले आहे, हे विसरू नये. गप्पी किंवा निऑन टेट्रा यांच्या टँकमध्ये सोडल्यास तो त्यांना सुखाने जगू देणार नाही.

खाली दिलेल्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे, की मासा शेवटी घरी येईल. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी उलटे घडते. टँक, दगड आणि मासे एकाच दिवशी घेतले जातात, त्याच संध्याकाळी सगळे एकत्र केले जाते आणि आठवडाभरात मासे तळाशी बसू लागले की माशांनाच नाजूक ठरवले जाते.

पहिली पायरी: घरचे पाणी तपासणे

मलावी तलावाचे पाणी अल्कधर्मी आहे. त्याचा पीएच साधारण 7.7 ते 8.6 यांच्या दरम्यान असतो आणि त्यात कार्बोनेटचे प्रमाण चांगले असल्यामुळे तो सहसा हलत नाही. ते पाणी जडपणाच्या बाबतीत मात्र मध्यमच आहे. ‘आफ्रिकन म्हणजे खूप जड पाणी’ हा दुकानांतून पसरलेला समज अर्धवट आहे आणि त्यापायी लोक गरज नसताना वाटेल तितके क्षार टँकमध्ये ओततात. येलो लॅबला पीएच 8 च्या आसपास, स्थिर आणि स्वच्छ पाणी मिळाले की पुरते.

यासाठी थेंबांचे टेस्ट किट विकत घ्यावे. कागदी पट्ट्या स्वस्त असल्या तरी दमट हवेत लवकर खराब होतात आणि त्यांचे रंग वाचताना अंदाजच अधिक करावा लागतो. पीएच, केएच म्हणजे कार्बोनेटचा जडपणा, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट एवढ्या पाच चाचण्या हाताशी हव्यात. नळाचे पाणी बादलीत भरून, एअर पंपाच्या नळीला बुडबुडे सोडणारा हवेचा दगड लावून एक दिवस ठेवावे आणि मग मोजावे, कारण नळातून नुकत्याच आलेल्या पाण्याचा पीएच बरेचदा फसवा असतो.

मुंबई, ठाणे, पुणे अशा शहरांत धरणांतून येणारे पाणी सहसा मऊ असते, म्हणजे त्यात कार्बोनेट कमी असते. अशा पाण्याचा पीएच सुरुवातीला 7.5 दिसला, तरी टँकमध्ये काही आठवडे राहिल्यावर तो हळूहळू घसरतो, कारण माशांच्या मलमूत्रावर काम करणारे जिवाणू आम्ल तयार करतात आणि ते शोषून घ्यायला पाण्यात पुरेसे कार्बोनेट उरत नाही. याउलट मराठवाडा, सोलापूर किंवा नगरकडच्या अनेक बोअरवेलचे पाणी मुळातच जड असते आणि ज्या पाण्याने बादलीला पांढरे किटण धरते म्हणून घरचे लोक वैतागतात, तेच पाणी या माशाला मानवते. बोअरवेलच्या पाण्यात नायट्रेट मात्र आधीच जास्त असू शकते, म्हणून ती चाचणी चुकवू नये. आरओचे पाणी यातले क्षार काढून टाकते, त्यामुळे ते येथे उपयोगाचे नाही.

पाणी मऊ निघाले तर स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा कामाला येतो. 100 लिटर पाण्यात 3 ग्रॅम सोडा विरघळवला की केएच साधारण एक अंशाने वाढतो. समजा, नळाच्या पाण्याचा केएच 3 आहे आणि आपल्याला 8 हवा आहे, तर पाच अंशांची वाढ हवी. टँकमध्ये प्रत्यक्ष 150 लिटर पाणी असेल तर त्यासाठी 22 ते 23 ग्रॅम सोडा लागेल. पुढे दर आठवड्याला 45 लिटर पाणी बदलताना त्या नव्या पाण्यापुरता म्हणजे सुमारे 7 ग्रॅम सोडा बादल्यांत वाटून विरघळवावा. स्वयंपाकघरातला लहान वजनकाटा यासाठी पुरेसा आहे. धुण्याचा सोडा किंवा बेकिंग पावडर हे पदार्थ वेगळे आहेत, ते चुकूनही वापरू नयेत. मासे टँकमध्ये असताना सोडा थेट टाकू नये आणि पीएच एका दिवसात 0.2 ते 0.3 पेक्षा जास्त हलू देऊ नये. माशाला थोडा कमी पीएच चालतो, पण रोज वरखाली होणारा पीएच सोसत नाही.

दुसरी पायरी: टँक, जागा आणि वजन

सहा ते आठ येलो लॅबच्या गटासाठी 90 सें.मी. लांब, 45 सें.मी. रुंद आणि 45 सें.मी. उंच टँक ही मी किमान मर्यादा मानतो. तिन्ही मापांचा गुणाकार करून 1000 ने भागले की लिटर मिळतात, म्हणजे या टँकची क्षमता 182 लिटर होते. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता त्यात सुमारे 150 लिटर पाणी मावते. सोबत दुसऱ्या जातीचे मासे ठेवायचे असतील तर 120 सें.मी. लांबीचा टँक घ्यावा. उंचीपेक्षा लांबी आणि रुंदी महत्त्वाची आहे, कारण पाठलाग झाला तर पळायला आडवी जागा लागते.

पाणी, दगड, वाळू आणि काच यांचे वजन मिळून अडीचशे किलोच्या घरात जाते. त्यामुळे टीव्हीच्या टेबलावर किंवा भिंतीतल्या फळीवर असा टँक ठेवणे धोक्याचे आहे. लोखंडी स्टँड भिंतीलगत, पूर्ण सपाट जमिनीवर ठेवावा, पातळीदर्शकाने तपासावा आणि काचेखाली थर्माकोलची अखंड शीट घालावी. खिडकीतले थेट ऊन टाळावे, वीजजोडणी जवळ असावी आणि प्रत्येक वायरला प्लगच्या खाली लोंबणारा वळसा द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता खाली टपकेल. टँकवर झाकण हवेच, कारण पाठलाग झालेला मासा उडी मारतो.

तिसरी पायरी: दगड आणि वाळू

येलो लॅबच्या टँकमध्ये दगड शोभेसाठी नसतात. कमजोर मासा आणि तोंडात अंडी असलेली मादी यांना लपायला त्यांचाच आधार असतो. सह्याद्रीचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, पाण्यात काही सोडत नाही आणि पिवळ्या माशामागे तो सुंदरही दिसतो. पाणी मऊ असेल तर शहाबादी फरशीचे पॉलिश न केलेले तुकडे वापरता येतात. ती फरशी चुनखडकाची असल्यामुळे पाण्यात अगदी हळू कार्बोनेट सोडते, पण तिच्यावर विसंबून सोड्याचा हिशेब सोडून देऊ नये. कोकणातला जांभा टाळावा, कारण तो झिजतो आणि त्यातून लाल गाळ सुटत राहतो. दगड ओळखीचा नसेल तर त्यावर लिंबू पिळावे. फेस आला तर तो चुन्याचा आहे आणि या माशांसाठी चालेल. चमकदार धातूच्या शिरा किंवा गंजाचे डाग असलेले दगड मात्र घेऊ नयेत. समुद्रकिनाऱ्यावरून प्रवाळ उचलून आणण्याचा मोह अनेकांना होतो, पण वन्यजीव संरक्षण कायद्याखाली प्रवाळांना संरक्षण आहे आणि तसे करणे गुन्हा आहे. त्याऐवजी कोंबड्यांच्या खाद्यासाठी मिळणारा शिंपल्यांचा चुरा धुऊन, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवावा.

दगड रचताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी, ती म्हणजे दगड आधी ठेवावेत आणि वाळू नंतर पसरावी. हे मासे तोंडाने वाळू उपसून खड्डे करतात. वाळूवर ठेवलेल्या दगडाखालची वाळू गेली, की दगड सरकून काचेवर किंवा माशावर पडतो. म्हणून तळाच्या काचेवर प्लास्टिकची जाड जाळी अंथरावी, मोठे दगड त्यावर घट्ट बसवावेत आणि हाताने हलवून पाहावेत. रचना मागच्या काचेपर्यंत न्यावी आणि प्रत्येक कपारीला किमान दोन तोंडे ठेवावीत. एकाच तोंडाची कपार असेल तर पाठलाग झालेला मासा तिथे कोंडला जातो.

वाळूचा थर 3 सें.मी. पुरे होतो. वर दिलेल्या टँकसाठी साधारण 20 किलो वाळू लागते. पोहण्याच्या तलावाच्या फिल्टरमध्ये वापरतात ती धुतलेली वाळू उत्तम, तर बांधकामाच्या ढिगाऱ्यातली वाळू सिमेंट आणि तेलाच्या भीतीने टाळलेली बरी. वनस्पती हव्या असतील तर दगडाला बांधता येणारी अनुबियास किंवा जावा फर्न घ्यावी.

चौथी पायरी: फिल्टर, हवा आणि तापमान

फिल्टर असा निवडावा, की टँकमधले पाणी तासाला सहा ते आठ वेळा त्यातून फिरेल. 150 लिटरसाठी ताशी हजार ते बाराशे लिटरचा पंप लागतो. खोक्यावर छापलेला आकडा रिकाम्या पंपाचा असतो, त्यामुळे थोडा मोठा पंप घेणेच शहाणपणाचे. कॅनिस्टर फिल्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डबा), टॉप फिल्टर (टँकच्या वर बसणारा) किंवा दोन मोठे स्पंज फिल्टर यांतले काहीही चालते. माझी निवड अशी, की एक मुख्य फिल्टर आणि सोबत वेगळ्या एअर पंपावर चालणारा एक स्पंज फिल्टर असावा, म्हणजे एक बंद पडला तरी दुसऱ्यात जिवाणू जिवंत राहतात.

पाण्याचे तापमान 24 ते 27 अंश सेल्सियस ठेवावे. पुणे, नाशिक येथील हिवाळ्यात त्यासाठी 150 ते 200 वॅटचा हीटर लागतो. मुंबईत वर्षातले बहुतेक महिने तो बंदच राहतो. विदर्भातला उन्हाळा ही मात्र खरी परीक्षा आहे. पाणी 31 ते 32 अंशांच्या वर गेले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. अशा वेळी झाकणाऐवजी जाळी ठेवून पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा आडवा लावला, तर बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. बर्फाच्या बाटल्या सोडून तापमान झटक्यात खाली आणू नये.

पाचवी पायरी: टँक पिकवणे

नवख्यांना सर्वांत कंटाळवाणी वाटणारी आणि म्हणूनच हमखास गाळली जाणारी पायरी ही आहे. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि नायट्रेट आपण पाणी बदलून बाहेर काढतो. नव्या टँकमध्ये हे जिवाणू पुरेसे नसतात. ते फिल्टरच्या स्पंजमध्ये वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात.

आफ्रिकन सिक्लिडच्या बाबतीत ही घाई जास्त घातक ठरते आणि त्याचे कारण पीएचमध्ये आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यांतले एकच रूप फार विषारी असते. 25 अंशांच्या पाण्यात पीएच 7 असताना हे विषारी रूप एक टक्क्याहूनही कमी असते, पीएच 8 झाला की ते पाच टक्क्यांच्या आसपास जाते आणि 8.5 ला साधारण पंधरा टक्क्यांवर पोहोचते. म्हणजे ज्या अमोनियाने मऊ पाण्यातल्या माशांना फारसे काही होत नाही, तोच अमोनिया येलो लॅबच्या कल्ल्यांना भाजून काढतो.

म्हणून मासे न आणता टँक भरावा, क्लोरीन घालवण्यासाठी अँटिक्लोर वापरावे, सोड्याने केएच आधीच जुळवावा आणि फिल्टर चोवीस तास चालू ठेवावा. जिवाणूंनाही कार्बोनेट लागते, त्यामुळे मऊ पाण्यात हे काम रेंगाळते. अमोनियाचा स्रोत म्हणून पातळ कापडात बांधलेला कोळंबीचा एक तुकडा टाकावा किंवा रोज चिमूटभर खाद्य घालावे. आठवडाभराने अमोनिया दिसू लागेल, नंतर तो उतरून नायट्राइट चढेल आणि शेवटी तेही उतरून नायट्रेट दिसेल. या काळात थोडा वास येतो आणि पाणी गढूळ होते, त्याने घाबरून टँक धुवायला काढू नये. ओळखीतल्या कोणाच्या जुन्या, निरोगी टँकमधला वापरता स्पंज मिळाला, तर आपल्या फिल्टरमध्ये घातल्याने हा काळ निम्म्यावर येऊ शकतो. सलग काही दिवस अमोनिया आणि नायट्राइट शून्य आले, की नायट्रेट कमी करण्यासाठी निम्मे पाणी बदलावे. टँक तेव्हा तयार झाला असे समजावे.

सहावी पायरी: मासे निवडणे

कुर्ल्याच्या घाऊक बाजारापासून तालुक्याच्या दुकानापर्यंत सर्वत्र ‘मिक्स आफ्रिकन’ नावाचा एक टँक असतो आणि त्यातले मासे स्वस्त असतात. नवख्याने त्या टँकपासून दूर राहावे. त्यातली पिले कोणत्या जातीची आहेत हे बरेचदा दुकानदारालाही सांगता येत नाही. पिवळे दिसणारे प्रत्येक पिलू येलो लॅब नसते. मेलॅनोक्रोमिस ऑरॅटस या जातीची पिले आणि माद्या पिवळ्या रंगावर काळे आडवे पट्टे घेऊन येतात आणि मोठे झाल्यावर तो मासा टँकमध्ये कोणाला टिकू देत नाही. केनी या जातीचा मोठा नरही पिवळाच असतो आणि स्वभावाने तितकाच वाईट. खऱ्या येलो लॅबचे अंग एकसारखे पिवळे असते आणि पाठीवरच्या परावर वरच्या कडेने काळी पट्टी धावते. केशरी छटा किंवा अंगावर पुसट उभे पट्टे दिसले, तर रेड झेब्रासारख्या दुसऱ्या जातीशी संकर झालेला असण्याची शक्यता मोठी असते.

तीन-चार सें.मी. लांबीची सहा ते आठ पिले एकदम घ्यावीत. या वयात नर-मादी ओळखता येत नाहीत. मोठेपणी नराचे पोटाकडचे आणि शेपटीजवळचे खालचे पर गडद काळे होतात, पण वर्चस्व असलेल्या माद्यांमध्येही ते दिसते, म्हणून एकेक मासा निवडण्यापेक्षा गट घेणे बरे. वाढल्यावर एका नरामागे दोन-तीन माद्या राहतील असे पाहावे आणि जास्तीचे नर दुकानदाराला परत द्यावेत. ही बोलणी खरेदीच्या वेळीच करून ठेवावीत.

दुकानदाराला समोर खाद्य टाकायला सांगावे. निरोगी पिलू पुढे येऊन खाते. पोट खपाटीला गेलेले, पर अंगाला चिकटलेले, कोपऱ्यात एकटे उभे असलेले किंवा पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबत असलेले पिलू घेऊ नये. अशा एका माशामुळे पूर्ण टँकमधले मासे नाकारावेत, त्यात संकोच कसला?

सोबत ठेवायचेच असेल तर रस्टी सिक्लिड आणि अकेई हे दोन म्बुना स्वभावाने जुळतात. गोल्डफिश, एंजल, गप्पी आणि टेट्रा यांच्यासोबत येलो लॅब ठेवू नये. त्यांना लागणारे पाणी वेगळे आणि स्वभावही वेगळा.

सातवी पायरी: टँकमध्ये सोडणे

दिवे बंद करून पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवावी, मग ती उघडून दर पाच-सात मिनिटांनी अर्धी वाटी टँकचे पाणी पिशवीत घालत तासाभरात ते दुप्पट करावे. नंतर मासे जाळीने उचलून टँकमध्ये सोडावेत आणि पिशवीतले पाणी फेकून द्यावे. कुरिअरने, अनेक तासांचा प्रवास करून आलेल्या माशांना मात्र हा नियम लावू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया विषारी रूपात नसतो. पिशवी उघडून तासभर ठेवली तर पीएच चढू लागतो आणि मासे त्याच पिशवीत भाजून निघतात. अशा माशांची पिशवी बंदच तरंगवून तापमान जुळवावे आणि उघडल्याबरोबर त्यांना जाळीने टँकमध्ये घ्यावे. त्यासाठी विक्रेत्याकडून त्याच्या पाण्याचा पीएच आधीच विचारून घ्यावा आणि फरक मोठा असल्यास मागवण्याचा बेतच रद्द करावा.

पहिल्या दिवशी खाद्य देऊ नये. नंतर कधी नवे मासे आणले, तर त्यांना वेगळ्या टबमध्ये दोन-तीन आठवडे ठेवूनच मुख्य टँकमध्ये सोडावे.

खाद्य

दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे. स्पिरुलिना असलेले बारीक, बुडणारे दाणे रोजचे आणि अधूनमधून उकडून सोललेला मटार किंवा गोठवलेली आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जलचर) एवढे पुरते. गटारांत वाढलेले जिवंत ट्युबिफेक्स किडे, बैलाचे काळीज किंवा कुठलेही स्निग्ध मांस देऊ नये. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तर माशांचे काही बिघडत नाही, पण घरातल्या मुलांची समजूत काढावी लागते.

आठवड्याचे काम आणि अडचणीचे दिवस

आठवड्यातून एकदा 30 टक्के पाणी बदलावे, म्हणजे वरच्या हिशेबात तीन मोठ्या बादल्या. नवे पाणी आदल्या रात्री भरून, अँटिक्लोर आणि सोडा घालून, हवा सोडून ठेवावे आणि हात बुडवून तापमान टँकइतके झाल्याची खात्री करावी. पाणी काढताना नळीचे तोंड दगडांच्या सांदीत फिरवावे, कारण खरा गाळ तिथेच साचतो. नायट्रेट 20 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आसपास राहिले तर उत्तम, 40 च्या वर गेले तर पाणी जास्त वेळा बदलावे किंवा खाद्य कमी करावे. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाखाली धुतला तर क्लोरीनने जिवाणू मरतात आणि टँक पिकवण्याचे काम पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

वीज जाणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न आहे. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवावा आणि वीज परत येईपर्यंत खाद्य थांबवावे. कॅनिस्टर फिल्टर काही तास बंद राहिला असेल, तर त्यातले साचलेले पाणी आधी बादलीत ओतून टाकावे आणि मगच तो सुरू करावा, अन्यथा आतले कुजके पाणी थेट माशांवर येते.

म्बुना माशांत पोट फुगण्याचा एक आजार बराच दिसतो. मासा खाणे सोडतो, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी होते, मग पोट टम्म फुगते. त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा खराब पाणी, सततचा ताण आणि न मानवणारे खाद्य असते. पहिले लक्षण दिसताच तो मासा वेगळा काढावा, मुख्य टँकचे पाणी मोजून निम्मे बदलावे आणि सर्वांचेच खाद्य दोन दिवस बंद करावे. औषध पशुवैद्यकाच्या किंवा मत्स्यरोगांच्या जाणकाराच्या सल्ल्यानेच द्यावे, दुकानात मिळणारी निळी-पिवळी बाटली अंदाजाने ओतू नये.

तोंडात अंडी आणि पुढचे सहा महिने

गट वर्षभराचा झाला, की एक दिवस एखादी मादी खाद्याकडे पाठ फिरवते. तिच्या खालच्या जबड्याखाली फुगवटा आलेला असतो, तोंड पूर्ण मिटत नाही आणि ती मधूनमधून काही चघळत असल्यासारखे तोंड हलवते. ती आजारी नसते, तिच्या तोंडात अंडी असतात आणि ती त्यांना पाण्याच्या प्रवाहात फिरवत असते. या माशांत मादी अंडी घातल्याबरोबर तोंडात उचलून घेते. नराच्या शेपटीजवळच्या खालच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. मादी त्या ठिपक्यांना तोंड लावते, तेव्हा नराचे वीर्य तिच्या तोंडात जाऊन अंडी फळतात. पुढचे तीन-चार आठवडे ती जवळजवळ उपाशी राहून पिले वाढवते आणि एका वेळी साधारण 10 ते 25 पिले बाहेर सोडते.

पिले वाढवायची असतील तर तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला, रात्री दिवे बंद असताना मादीला अलगद जाळीने वेगळ्या टँकमध्ये न्यावे. तेथे पाणी मुख्य टँकमधलेच असावे आणि सोबत स्पंज फिल्टर व एक-दोन दगड ठेवावेत. पिले बाहेर पडल्यावर मादीला परत पाठवण्याआधी दोन-तीन दिवस चांगले खाऊ द्यावे, कारण अशक्त मादी परतली की तिचाच पाठलाग होतो. पिले पहिल्या दिवसापासून कुटलेले दाणे आणि नुकतीच उबवलेली आर्टेमिया खातात. पिले नको असतील तर काहीच करू नये. मुख्य टँकमध्ये सुटलेल्या पिलांतली एखाद-दोनच दगडांच्या आड वाचतात.

सहा महिन्यांत एका टँकमधून पन्नास-साठ पिले जमू शकतात आणि ती सर्व ठेवायला घरात जागा नसते. ओळखीच्या पाळणाऱ्यांना किंवा दुकानदाराला ती द्यावीत, पण नदी, तलाव, विहीर किंवा गणपती विसर्जनाच्या कुंडात सोडू नयेत. 1952 मध्ये भारतात आणलेली चिलापी हीसुद्धा आफ्रिकेची, तोंडात अंडी वाढवणारी सिक्लिडच होती आणि ती आज आपल्या किती जलाशयांत ठाण मांडून बसली आहे, हे कोणत्याही मच्छीमाराला विचारले तरी कळते. जास्त पिले कोणीच घेत नसेल, तर माद्या एका टँकमध्ये आणि नर दुसऱ्यात करावेत किंवा तोंडात अंडी असलेल्या मादीला मुख्य टँकमध्येच राहू द्यावे.